बाबासोच्या नावाचा श्वास

सकाळी चहाच्या आधी फुंकणी फुंकायची, हा मगदुमांच्या घरातला दोन वर्षांचा नेम होता. शालन चूळ भरायची, बोटभर लांबीची पारदर्शक नळी ओठांत धरायची आणि दम संपेपर्यंत फुंकायची. मग झाकण घट्ट लावून ती नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत टाकायची. नळीवर नाव बाबासो मगदूम असं होतं, श्वास मात्र शालनचा असायचा.

सरकारी कागदात तिला 'श्वासनमुना नळी' म्हणत. कुपवाडच्या गल्ल्यांत तिची फुंकणी झाली. फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू रुतून व्रण धरू लागला, की श्वासात ठरावीक रेणू वाढतात. ते नळीतल्या पातळ पडद्याला चिकटत आणि पडदा रंग बदलायचा. क्ष-किरणांत डाग दिसायच्या आधीच हे कळायचं. हिरवा म्हणजे कामावर जा, पिवळा म्हणजे हलकं काम, तांबडा म्हणजे धुळीचं काम कायमचं बंद.

राज्यभरातले जुने सिमेंटचे पत्रे उतरवायची मोहीम सुरू होती. तंतू त्या पत्र्यांतच असतात. बाबासो एका ठेकेदाराकडे हे काम करायचा. नियम चांगले होते, हे आधीच कबूल केलेलं बरं. पत्र्यावर पाण्याची फवारणी मारल्याशिवाय हात लावायचा नाही, मुखवटा काढायचा नाही, तुकडे दुहेरी पिशवीत बंद करायचे. नमुना अनशापोटी लागतो म्हणून फुंकणी घरीच फुंकायची मुभा होती, आणि पाणी तिथंच मुरलं. बाबासोनं आधी वीस वर्षं फौंड्रीच्या धुळीत काढली होती. आपली फुंकणी पहिल्याच दिवशी पिवळी येणार आणि काम जाणार, अशी त्याला धास्ती. म्हणून पहिल्या दिवसापासून शालननं फुंकलं. त्यात कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. घरोघरी मातीच्याच चुली, गल्लीत सगळीकडे बायकाच फुंकत होत्या.

त्या सोमवारी बाबासोच्या नावाची फुंकणी हिरव्यावरून थेट तांबडी आली.

तपासणी केंद्रात डॉक्टर रेहाना मुजावर एकट्याच होत्या. दिवसाला शंभरावर नळ्या बघून त्यांचे डोळे चुरचुरत असत. तांबडा रंग आला, की दुसरा नमुना डॉक्टरांसमोर घ्यायचा, असा नियम. बाबासोनं खोकला आहे, अंगात कणकण आहे, उद्या येतो, असं सगळं सांगून पाहिलं. सोबत आलेली शालन शेजारी बसून फरशीकडे बघत होती. शेवटी त्यानं फुंकलं. पडदा हिरवा झाला, आणि श्वास जुन्या नोंदीशी ताडणाऱ्या यंत्रावर अक्षरं आली: नोंदीतील व्यक्ती ही नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्या महिन्यातलं हे सातवं जोडपं होतं. त्यांनी उठून दार लावलं आणि नवी नळी शालनसमोर धरली. तिच्या श्वासानं पडदा तांबडा झाला आणि यंत्रानं तिला बाबासो मगदूम म्हणून ओळखलं.

बाबासो आपल्या हिरव्या नळीकडे बघत राहिला. दोन वर्षं ज्या भीतीपायी बायकोला फुंकायला लावलं, ती भीतीच फुकाची निघाली होती. त्याला त्याचा आनंद होईना. शरम मात्र वाटली, इतकी, की शालनकडे बघायचा धीर होईना.

"ती तर कधी साइटवर आली बी न्हाई," तो म्हणाला.

डॉक्टरांनी शालनला एकच विचारलं, बाबासोचे कामाचे कपडे ती कशी धुते. शालननं सांगितलं. ही धूळ सिमेंटची. कपडे तसेच पाण्यात टाकले, तर धूळ शिवणीत धरून बसते आणि कापड पत्र्यागत ताठ होतं. म्हणून आधी मागच्या बोळात कोरडे झटकायचे, धपाटून काढायचे, मग भिजवायचे. ठेक्यावर मिळणारा धुलाई भत्ता कपडे घरी धुण्यासाठीच होता. साइटवर पाणी मारून बसवलेली धूळ तिच्या बोळात रोज मोकळी होत होती, आणि तिथं मुखवटा कुणाला नव्हता.

पुढचं डॉक्टर अगदी हळू बोलल्या. कपाटातून त्यांनी मुठीएवढी कुपी काढली. तिच्यातलं धुकं रोज श्वासातून घेतलं, की व्रण वाढायचा थांबतो, पण फुंकणी तांबडी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सुरू करायला हवं. कुपी फक्त नोंदणीकृत कामगाराला मिळते आणि त्याच्याच श्वासावर उघडते.

"शालनताई, नोंदीत बाबासोंचा म्हणून तुमचाच श्वास आहे. मी आजचं काही लिहिलं नाही, तर ही कुपी तुमच्यासाठी उघडेल."

"आन् खरं लिवलं तर?"

खरं लिहिलं तर फसवणुकीबद्दल बाबासोचं काम जाईल, आणि शालन कायद्यानं कामगारच नाही. घरी कपडे धुणाऱ्या बाईला कामगार धरावं, असा अर्ज करता येईल. त्याचा निकाल लागायला वर्ष लागेल, कदाचित दोन. तेवढा वेळ शालनच्या फुप्फुसांकडे नव्हता, हे डॉक्टरांनी लपवलं नाही.

बाबासोला विचार करावा लागला नाही. "ऱ्हाऊ द्या माझं नाव तांबडं. काम गेलं तरी जाऊ दे. शाले, घे ती."

शालनला भरून आलं. तीस वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच तिच्या वाटचं काही स्वतःच्या नावावर घ्यायला निघाला होता. तिनं हात पुढे केला. सहा महिने जिना चढताना मध्येच बसावं लागतंय, रात्री कूस बदलली तरी धाप लागते, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. या सगळ्याचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

कुपी देता देता डॉक्टर थांबल्या. "इतकी धाप लागते म्हणता, मग कपडे अजून तुम्हीच झटकता?"

"न्हाई. दिवाळीपास्नं सून झटकती," शालन म्हणाली. "यांचं बी आन् पोराचं बी. पोरगा त्याच ठेक्यावर हाय."

बोलून झाल्यावर तिला आपलं बोलणं ऐकू आलं. सुनेचं नाव वनमाला. लग्नाला वर्ष झालेलं. धाप लागते म्हणून सासूला कामाला हात लावू द्यायची नाही, अशी गुणाची पोर. पोराच्या नावाची फुंकणी रोज तीच फुंकत होती, आणि आजवर ती हिरवी येत होती.

शालननं डॉक्टरांना विचारलं, आधीच्या सहाजणी काय म्हणाल्या. सहाहीजणींनी कुप्या नेल्या, डॉक्टर म्हणाल्या. सरकारदरबारी सहा पुरुष आजारी पडले होते. ठेकेदाराला मुखवटे बदलायची सूचना गेली होती आणि नवे मुखवटे गेल्याच आठवड्यात आले होते. कपड्यांबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, कारण कपड्यांनी आजारी पडलेली एकही बाई नोंदीत नव्हती.

बाबासो म्हणाला, वनमालाला आजच सांगू, झटकू नको म्हणून. शालननं मान हलवली. आपल्या घरात सांगता येईल. पण गल्लीत किती बोळ आहेत आणि रोज किती बायका कपडे झटकतात, ते तिला पाठ होतं.

कुपी एव्हाना तिच्या हातात आली होती. ओठाला लावायची, एवढंच बाकी होतं. तिनं ती मांडीवर ठेवली आणि दम मिळवायला थोडा वेळ घेतला.

"म्याडम," ती म्हणाली, "मी यांच्या नावानं बरी झाले, तर सून कुनाच्या नावानं आजारी पडायची?"