सहाशे बारा

घर बांधणारे भिंती सरळ बांधतात असा लोकांचा समज आहे. एकोणीस वर्षं मी बेडरूममधली कपाटं करून देतोय, आणि सरळ भिंत मला अजून भेटायची आहे. वरच्या आणि खालच्या मापात दहा-बारा मिलीमीटरचा फरक असतोच. कोपरा काटकोनात नसतो, फरशी एका अंगाला उतरलेली असते. म्हणून रुंदी तीन उंचींवर घ्यायची, खोली तीन ठिकाणी घ्यायची आणि सगळ्यात लहान आकडा धरून चालायचं. आमच्या धंद्यातलं शहाणपण एवढंच.

दोन खांबांच्या मधे भिंत आत गेलेली असते, त्या जागेला आम्ही खाच म्हणतो. माझ्याबरोबर काम करणारे मिस्त्री म्हणतात, ही जागा देवाने कपाटासाठीच सोडलीय, बिल्डरने नव्हे. त्यांचं बिल्डरांशी जुनं वैर आहे.

वहिनींचा फोन आला तेव्हा दादाला जाऊन अकरा महिने झाले होते. जाऊन म्हणजे काय, हे आम्हालाही माहीत नव्हतं. एका मंगळवारी दुपारी तो घरातून नाहीसा झाला. चपला दाराशी, चष्मा टेबलावर, फोन चार्जिंगला. पोलिसांत कळवलं, दवाखाने पालथे घातले, त्याचा फोटो घेऊन मी स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरसमोर उभा राहिलो. पहिले तीन महिने लोक विचारायचे. मग विचारताना चाचरायला लागले. मग विचारेनासे झाले.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. छापखान्यात बांधणीच्या खात्यात होता. पंचवीस वर्षं कागदाचे गठ्ठे वाहून त्याचा डावा खांदा खाली आला होता, दोन बोटं तरी. त्याचे शर्ट शिवणारा शिंपी म्हणायचा, तुमचं माप घ्यायचं तर मलाच तिरकं उभं राहावं लागतं.

बेडरूममधल्या खाचेत कपाट करून द्या, वहिनी फोनवर म्हणाल्या. दारं घट्ट बसणारी हवीत.

मी शुक्रवारी सकाळी गेलो. खाचेत पूर्वी एक दांडी होती आणि पुढे पडदा. दोन्ही काढलेलं होतं. कपडे गाठोड्यांत बांधून बाहेरच्या खोलीत ठेवले होते. पलंग खाचेपासून जितका लांब नेता येईल तितका नेलेला. वहिनी उंबऱ्याशीच थांबल्या. आत आल्या नाहीत.

रुंदी अकराशे ऐंशी. मग खोलीसाठी लेझर मीटर काढला. हे हातात मावणारं यंत्र असतं. बटण दाबलं की समोर लाल ठिपका पडतो आणि तिथपर्यंतचं अंतर यंत्राच्या छोट्या पडद्यावर दिसतं. खाचेच्या तोंडाशी, दोन खांबांच्या रेषेत ते धरलं आणि मागच्या भिंतीवर ठिपका टाकला. उजवीकडे खाली सहाशे बारा, मधे सहाशे बारा, वर सहाशे चौदा. इतकी चांगली भिंत मी वर्षभरात पाहिली नव्हती.

डावीकडे खाली सहाशे बारा. वर सहाशे बारा. मधे तीनशे एकाहत्तर.

मी पुन्हा घेतलं. तीनशे एकाहत्तर. लाल ठिपका मला समोर दिसत होता, मागच्या भिंतीवर, रंगाचा एक पोपडा निघाला होता त्याच्या शेजारी. साधी टेप काढून तिथपर्यंत नेली. सहाशे बारा. हात घालून पाहिला. भिंतीला लागला. मधे काही नव्हतं. गारवा नाही, वास नाही. सांगण्यासारखं काहीच जाणवलं नाही. फक्त यंत्राला वाटत होतं की तिथे काहीतरी आहे.

यंत्र बिघडलंय, मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला गेल्या.

यंत्र बिघडलं नव्हतं. दुकानात आल्यावर मी ते टेबलावर, दारावर, समोरच्या भिंतीवर चालवून पाहिलं. मिलीमीटरचाही फरक नाही. तरी दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या काच बसवणाऱ्याकडून त्याचं यंत्र मागून घेतलं आणि परत गेलो. डावीकडे मधे: तीनशे एकाहत्तर.

मग मी तेच केलं जे मला करता येतं. डाव्या भागात पाच उभ्या रेषा कल्पिल्या, आणि प्रत्येक रेषेवर फरशीपासून छतापर्यंत दर पाच सेंटीमीटरवर माप घेतलं. अडीचशेच्या आसपास आकडे. तास-दीड तास लागला. वहिनी तेवढा वेळ उंबऱ्यावर बसून होत्या. काय करताय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुकानात बसून आकडे आलेखाच्या कागदावर उतरवले आणि ठिपके जोडले. पहिल्या रेषेवर काही विशेष दिसेना. तिसरी जोडली तेव्हा पेन्सिल ठेवून मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो.

टाचा होत्या. पोटऱ्या. गुडघ्याच्या मागची खळगी. कमरेशी रेघ आत जात होती, पाठीवर बाहेर येत होती, मानेशी पुन्हा आत. वर डोक्याचा गोल मागचा भाग. कुणीतरी खाचेत उभं होतं, भिंतीकडे तोंड करून, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ.

डावा खांदा उजव्यापेक्षा पस्तीस मिलीमीटर खाली होता.

कागद मी कुणाला दाखवला नाही. कपाटाचं चित्र मात्र काढलं. उजव्या अर्ध्या भागात फळ्या आणि ड्रॉवर, डावा अर्धा भाग वरपासून खालपर्यंत मोकळा, फक्त कपडे टांगायची दांडी. मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. एवढी जागा रिकामी, म्हणाले, यात काय माणूस ठेवायचाय का? बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. माझ्या दादाचं घर आहे हे त्यांना माहीत होतं. ते प्लाय मोजायला लागले.

वहिनींनी चित्र स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून पाहिलं.

"हा डावा भाग मोकळा का?"

लांब कपडे टांगायला, मी म्हणालो.

"माझे कुठले आलेत लांब कपडे?" त्यांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक. "तुम्हालाही कळलं ना, भाऊजी."

मी खाली बसलो. त्या उभ्याच राहिल्या, आणि गॅसकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. त्या मंगळवारी दादा खाचेतल्या दांडीवरून शर्ट काढत होता. दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून ते त्यांना आता आठवतही नाही, इतकं ते किरकोळ होतं.

"मी म्हटलं, मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही. आणि इकडे आले. पाच मिनिटांनी जेवायला हाक मारली, तर ओ नाही."

त्यांनी गॅसचं बटण पदराने पुसलं.

"बाहेरच्या दाराला आतून कडी होती, भाऊजी. त्यांना शोधायला जाताना ती मी माझ्या हाताने काढली. पोलिसांना सांगितलं नाही. काय सांगणार?"

आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं. पंखा लावला की खाचेचा पडदा वाऱ्याने आत जायचा आणि मधेच थांबायचा. टेकल्यासारखा. पाठीवर टेकल्यासारखा. त्यांनी पडदा काढला, तेव्हापासून दिसण्यासारखं काहीच उरलं नाही. पण माहीत होतं.

या अकरा महिन्यांत त्या त्याच्याशी रोज बोलल्या होत्या. आधी माफी मागितली. मग रडल्या. मग शिव्या घातल्या. मग नुसतंच दिवसभराचं सांगायला लागल्या, भाजीवाला काय म्हणाला, शेजारच्यांनी कुठला रंग लावला. मधूनमधून पडदा लावून, पंखा सुरू करून बघायच्या, वळलाय का. पाठच असायची. मग तेही सोडलं. रात्री त्या स्वयंपाकघरात चटई टाकून झोपत होत्या. मला ओट्याखाली गुंडाळलेली चटई दिसली. अकरा महिने मी या घरी येत-जात होतो, चहा पीत होतो, आणि ती मला दिसली नव्हती.

"एकदा वळा म्हटलं. फक्त एकदा. नाही वळले." त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. "आता माझ्यात नाही राहिलं काही. फळ्या टाका तिथे. खालपासून वरपर्यंत. मोकळं काही ठेवू नका."

मी म्हणालो, आणखी थोडं थांबू या.

"कशासाठी?"

माझा भाऊ आहे, असं म्हणायचं होतं. पण अकरा महिने त्याच्या पाठीशी त्या बोलल्या होत्या, मी नाही. मी खिशातून पेन्सिल काढली आणि डाव्या भागात सहा फळ्या आखल्या.

कपाट सोमवारी बसवलं. भर सकाळ होती, खिडकीतून ऊन थेट खाचेत पडत होतं. आधी मागचा प्लाय, मग बाजू, मधली उभी फळी. मग मिस्त्रींनी डाव्या भागातल्या आडव्या फळ्या सरकवायला घेतल्या, खालून वर. मी प्रत्येक फळी त्यांच्या हातात देत होतो आणि ती कुठे जातेय हे मला माहीत होतं. पहिली नडगीशी. दुसरी गुडघ्याच्या वर. तिसरी मांडीशी. चौथी कमरेच्या वर.

पाचवी खांद्यांच्या वर, मानेशी जायची होती. ती देताना मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"अशी बसली साहेब, की जणू इथेच उगवली," मिस्त्री मागून म्हणाले.

सहावी डोक्याच्या वर. मग दारं. वहिनी उंबरा ओलांडून आत आल्या, दोन्ही दारं एकेकदा उघडून मिटून पाहिली आणि बरं झालं म्हणाल्या. कपाट चांगलं झालं होतं. मी केलेल्या सगळ्या कपाटांत ते सगळ्यात नीट बसलेलं असेल.

त्यानंतर त्या सावरायला लागल्या. पलंग पुन्हा जागेवर आला. तिसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा चेहरा भरला होता, आणि झोप लागते आता, असं त्यांनी आपणहून सांगितलं. दादाचे शर्ट त्यांनी देऊन टाकले होते. त्याच्याविषयी त्या भूतकाळात बोलत होत्या, सहज, अडखळल्याशिवाय. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

त्यांना एक छोटं काम हवं होतं. डाव्या भागात पाचव्या आणि सहाव्या फळीच्या मधे, डोळ्यांसमोर येईल असा एक कुलपाचा कप्पा. घराचे कागद ठेवायला. तो खण रिकामाच होता. त्या बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या आणि मी दार उघडलं.

रुंदी टेपने घेतली. खोली मला माहीत होती. मागचा प्लाय धरून सहाशे. मापायची गरजच नव्हती. तरी लेझर मीटर काढला.

तीनशे ब्याण्णव.

ठिपका मागच्या प्लायवर होता. यंत्र बोटभर वर नेलं. तीनशे एकोणऐंशी. आणखी वर. चारशे नऊ. पुन्हा बोटभर खाली येऊन दोन्ही बाजूंना सरकवलं, बोट-दीड बोट. चारशे नऊ.

डोकं मागून गोल असतं. आकडे हळूहळू कमी होतात, हळूहळू वाढतात. मी ते आकडे एकदा कागदावर जोडले होते, ते मला पाठ होते. हे ते नव्हते.

मधे एक उंचवटा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगी.

तो वळला होता.

मी यंत्र हळूहळू खाली आणलं. उंचवट्याच्या खाली एका जागी आकडा ठरेना. खात्री करायला कोपर फळीवर टेकवून यंत्र धरलं.

तीनशे त्र्याण्णव. चारशे एकतीस. तीनशे त्र्याण्णव. चारशे अठरा. तीनशे त्र्याण्णव.

थोडा वेळ तसाच. मग पुन्हा पहिल्यापासून. तोंड होतं ते. दोनदा उघडायचं, मिटून थांबायचं. दोनदा उघडायचं, मिटून थांबायचं. मी कान आत नेला. नव्या प्लायचा वास येत होता. आवाज काही नव्हता.

वहिनींचं नाव दोन अक्षरी आहे.

बाहेर त्या गुणगुणत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं मी ते.

"जमतंय का माप?" त्यांनी विचारलं.

मी जमतंय म्हणालो. यंत्र बंद केलं आणि दार लावून घेतलं.

कप्पा मिस्त्रींनी पुढच्या आठवड्यात बसवला. परवा वहिनी सांगत होत्या, छान झालाय, पण आतले कागद रोज सकाळी दमट लागतात. वरचे-खालचे खण कोरडे असतात, तेवढाच एक.

भिंतीला ओल असेल, मी म्हणालो.