भिंतीवरचा रिकामा त्रिकोण

गॅलरीच्या मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाईंचा पहिला चहाही व्हायचा होता. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि मुख्य चित्राला भोक.

चित्र म्हणजे भिंतभर सारख्या आकाराचे लाकडी त्रिकोण. काही नुसते कोरे, काहींवर एकाच मोठ्या फोटोचे कापून चिकटवलेले तुकडे. सांध्यात ना खिळा, ना सरस. सगळे खाचांनी एकमेकांत अडकवलेले. मधला एक त्रिकोण गायब होता. आजूबाजूला एकही ओरखडा नव्हता.

"यात तपास कसला करायचा?" चित्रकार म्हणाला. "लाकूडकाम आमच्या मेहुण्यांचं. कोणता त्रिकोण आधी निघतो, हे त्यांनाच ठाऊक. चित्रावर आपलंही नाव हवं म्हणून परवाच माझ्याशी भांडलेत."

सुतार मान खाली घालून उभा होता. शेजारी त्याची बायको, चित्रकाराची धाकटी बहीण, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"रात्री कुठे होतात?" बाईंनी सुताराला विचारलं.

"इथेच. पॉलिश करत होतो."

"सोबत कुणी?"

"कुणीच नाही."

असं सरळ बोलणारा माणूस लवकर आत जातो. गाडी खाली उभीच होती. पण इतकं सोपं काम बाईंच्या पचनी पडत नसे.

"हरवलेल्या तुकड्यावर काय होतं?"

"काही खास नाही. फोटोतली कोरी भिंत," चित्रकार म्हणाला.

"प्रदर्शनातले फोटो कुणी काढलेत?"

"मीच. माहितीपत्रकात छापलंय."

"काल आलेले समीक्षक नेमका तोच तुकडा निरखत होते," मालकीणबाईंना आठवलं. "आज भिंग घेऊन येतो म्हणाले."

बाई चित्राला नाक लावून उभ्या राहिल्या. सगळ्या कोऱ्या त्रिकोणांवर लाकडाच्या रेषा उभ्या होत्या. भोकाला लागून असलेल्या एकावर मात्र तिरक्या. भोकाच्या वरच्या फोटोच्या तुकड्यात आरशाची चौकट, खालच्यात आरशातच एका वेणीचं टोक.

"मधला तुकडा काढायला आधी हा कोरा काढावा लागला," बाई चित्रकाराला म्हणाल्या. "परत बसवताना तो फिरला. ज्याने एकूण एक रेष उभी लावली, तो सुतार हे असं ठेवून घरी गेला नसता. पण फोटो चिकटवणाऱ्याचं कोऱ्या लाकडाकडे लक्ष नसतं. जोडणी चालू असताना तुम्ही यांच्या शेजारी बसून फोटो चिकटवलेत ना? तेव्हाच क्रम पाहिलात."

चित्रकार हसायला गेला, पण ते जमलं नाही.

"आणि वर आरसा, खाली आरसा, तर मध्ये कोरी भिंत कुठून आली? तिथे फोटो काढणाऱ्याचा चेहरा होता. तुम्हाला वेणी कधी होती? भिंग येण्याआधी तो चेहरा नाहीसा करायचा होता, आणि आळ घालायला मेहुणे होतेच. बॅग उघडा."

बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला त्रिकोण निघाला. त्यात, आरशात अंधुकशी, कॅमेरा धरून बहीण उभी होती.

बहिणीला रडू आवरेना.

"फोटो मीच दिले होते ना, दादा? कधी नाव मागितलं? कुणी विचारलं असतं आणि तू म्हणाला असतास, ही सहज कॅमेरा धरून उभी होती, तर मीही हो म्हटलं असतं. पण तू यांना तुरुंगात धाडायला निघालास."

मग डोळे पुसून ती इन्स्पेक्टरबाईंकडे वळली.

"लिहून घ्या, बाई. सगळे फोटो मी काढलेत."