पाचशे शब्दांत बबिता

प्रिंटरने दोघांचे कागद एकदमच बाहेर टाकले. उमरखेडच्या कोर्टासमोरचं ते छोटं नेट कॅफे, एप्रिलची दुपार, कूलर बंद. बबिता राठोड टेबलावर डोकं टेकून बसली होती. समोरून आवाज आला...

"हे पान तुमचं?"

उंच, घामेजलेला, डोळ्यांखाली काळं. सलील पाठक. त्याने दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. दोन्हींची पहिली ओळ एकच होती– 'लहानपणापासून मला न्यायाची आवड आहे.' दोघंही हसले. दमलेलं हसू.

चहाच्या टपरीवर कळलं, दोघांनाही दिल्लीकडच्या एकाच नावाजलेल्या लॉ कॉलेजात जायचं होतं. परीक्षेतले मार्क दोघांचेही चांगले होते. आता 'कायदाच का' हे पाचशे शब्दांत लिहायचं होतं. बबिता गेल्या वर्षी तिथंच अडली होती. सलीलकडे स्पर्धांची प्रमाणपत्रं होती, सरांची शिफारसपत्रं होती, घरात तीन पिढ्यांची वकिली होती. तरी मागच्या मुलाखतीत तोही गळाला होता.

तुम्ही दिवसभर काय करता, असं त्याने सहज विचारलं. तांड्यावरच्या बायकांसोबत कोर्टात येते, ती म्हणाली. त्यांना गोरबोलीच, म्हणजे आमची बंजारा बोलीच, नीट कळते. परवा सुखीबाई साक्षीला उभ्या होत्या. प्रश्न समजेना, म्हणून भीतीने नुसती मान डोलावत होत्या. तो होकार धरला असता तर शेतावरचं त्यांचं नाव गेलं असतं. बबिता मागच्या बाकावरून उठली आणि त्यांना प्रश्नच समजला नाही, असं मोठ्याने बोलली. तिला दटावलं गेलं, पण प्रश्न पुन्हा विचारला गेला.

सलीलच्या हातातला कप तसाच राहिला. "हे कुठं लिहिलंय?"

"हे कायले लिहू? हे तं रोजचंच हाय."

"म्हणूनच."

पुढचे चार दिवस तो फक्त विचारत राहिला, ती लिहीत राहिली. मध्येच शब्द अडला की ती वर बघायची, आणि त्याची नजर आधीच तिच्यावर असायची... मग दोघंही कागदात बघायचे. चौथ्या दिवशी तिचा फॉर्म गेला. त्याने स्वतःचा भरलाच नाही.

"काहून?"

"लिहायला बसलो की कागदावर बाबा निघतात, आजोबा निघतात. मी निघतच नाही." त्याने डोळे चोळले. "थकलो मी, बबिता."

तिने आपला चहा त्याच्याकडे सरकवला.

जूनमध्ये तिची निवड झाली. स्टँडवर तो तिची बॅग घेऊन आला. वडील पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. महागावच्या शाळेत तो गणित शिकवू लागला होता, आणि कसं कोण जाणे, चेहरा निवळला होता.

"मले वाटलं व्हतं, तुमी बी येसान," ती खिडकीतून म्हणाली.

"तुमच्यासाठी आलो असतो. पण वकिलीसाठी ते कारण पुरलं नसतं."

"मग कायसाठी पुरते?"

त्याने खाली पाहिलं. "वाट पाहायला..."

तिने खिडकीतून हात बाहेर काढला. त्याने तो धरला, कंडक्टरने बेल दिली तरी क्षणभर सोडला नाही.

"दिवाळीले येईन," ती म्हणाली, "तवा मले 'तुमी' म्हणू नको, सलील."

गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली. बबिताने डोळे मिटले, आणि कित्येक महिन्यांनी तिला शांत झोप लागली.