शाहीन दिसली

"हलू नका."

निरवांगीच्या माळावर पायवाटेच्या कडेला उकिडवी बसून मी एका दगडावर पांढरा बाण रंगवत होते. आवाज मागून आला. साप असणार असं समजून मी जागच्या जागी थिजले. ब्रशवरचा रंग ठिबकून चपलेवर पडायला लागला.

"कुठं हाय?" मी ओठ न हलवता विचारलं.

"तुमच्या डाव्या हाताला. संगं दोन पिल्लं हायती."

"सापाची?"

"धाविकची. पक्षी हाय. वाट ओलांडतीया."

"मग मी हलायचं कधी?"

"तिची ओलांडून झाली की."

उंच पायांचा एक तपकिरी पक्षी तुरुतुरु पळाला, थांबला, त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तो पुन्हा पळाला. मागोमाग कापसाच्या बोळ्यांसारखी दोन पिल्लं गेली. मी उठून वळले, तर खाकी टोपी घातलेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक मुलगा हसू दाबत उभा होता.

"सॉरी मॅडम. चप्पल खराब झाली."

"मॅडम न्हाय, पेंटर. आन् चप्पल पांढरीच बरी दिसतीय आता."

वनखात्यानं या माळावर निसर्गवाट काढली होती. पहिल्या वर्षी लावलेले फ्लेक्स वाऱ्यानं फाडले, उरलेले शेळ्यांनी खाल्ले. मग पत्र्यावर हातानं रंगवलेले बोर्ड लावायचं ठरलं आणि काम अब्बांकडे आलं. इंदापूर स्टँडच्या मागं 'रमजान पेंटर' म्हणून दुकान आहे ते आमचं. अब्बांचे गुडघे दुखतात, माळ तुडवणं त्यांना जमत नाही. मी बारामतीला चित्रकलेचा डिप्लोमा केलेला, त्यामुळं रंगाचे डबे घेऊन स्कूटीवरून मीच यायचे.

मुलाचं नाव अबरार. निरवांगीचाच. घरचा ऊस, पण याचा जीव माळावर, म्हणून गाईड झालेला.

"तुमचं नाव?" त्यानं विचारलं.

"शाहीन."

तो एकदम गंभीर झाला. "खरं?"

"आधार कार्ड दाखवू?"

"तसं न्हाय... शाहीन ससाणा असतो. कड्याकपारीत ऱ्हातो. चार वर्सं हितं फिरतोय, एकदाबी दिसला न्हाय."

"मग आज नशीब उघडलं म्हणायचं," मी बोलून गेले, आणि बोलल्यावर माझीच कानशिलं तापली.

"व्हय," तो सावकाश म्हणाला, "तसंच वाटतंय."

काम महिनाभर चाललं. एकेका पत्र्यावर एकेक पक्षी, खाली नाव, आणि कोपऱ्यात ठिपका. इथंच जन्मभर राहणाऱ्याला हिरवा ठिपका आणि 'स्थानिक' हा शब्द, हिवाळ्यापुरत्या येणाऱ्याला निळा ठिपका आणि 'पाहुणा'. कुणाला कुठला रंग द्यायचा ते अबरार सांगायचा. सांगताना अर्धं लक्ष पत्र्याकडे असायचं, अर्धं कुठं असायचं ते मी बघायचं टाळत होते.

गेटवर एक काळा फळा होता. 'आज काय दिसलं' ते गाईडनं रोज खडूनं लिहायचं. अबरारचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. मला वाईट अक्षर सोसत नाही, तो आमच्या घराण्याचा रोग आहे. मी खडू हिसकावून घेतला.

"श असा काढायचा. आधी गाठ, मग पोट, मग दांडी. गाठ आत वळवायची."

"आत का?"

"आमचे अब्बा वळवतात म्हणून. अख्ख्या इंदापुरात असा श दुसरा कुणी काढत न्हाय."

तो पुढचे आठ दिवस श गिरवत बसला. फळ्याची खालची कड शनं भरून गेली.

"दुसरं अक्षर घ्या की आता."

"हेच पक्कं होऊ द्या. लई लागतंय हितं. शिक्रा, शिंजीर..." बोटं मोजता मोजता तो थांबला. "आन् अजून एक हाय."

मी ब्रश धुवायला घेतला. तो आधीच धुतलेला होता.

घरी अम्मीनं पकडलंच. "बोर्ड गेटावर लावायचा व्हता न्हवं? मग सलवारीला एवढी कुसळं कुठली?"

"वारा व्हता, अम्मी."

"वाऱ्यानं कुसळ उडतं. गुडघ्यापातूर शिवलं जात न्हाय."

मग बोर्ड संपले आणि माळावर जायला कारण उरलं नाही. त्यातच अब्बांनी एकदा जेवताना सांगितलं की रविवारी अकलूजहून पाहुणे बघायला येणार आहेत, मुलाचं मोबाईलचं दुकान आहे, माणसं चांगली आहेत. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. मला अबरार आवडत होता. त्याचं हळू बोलणं, पाखरासाठी माणसाला थांबवणं, सगळंच आवडत होतं. पण त्यानं तोंडानं काही म्हटलं नव्हतं, आणि श गिरवला हा काही कुणापुढं मांडायचा पुरावा नव्हे.

बुधवारी मी 'एका बोर्डाचा रंग उडालाय' असं सांगून निघाले. रंग काही उडाला नव्हता. आभाळ भरून आलं होतं, चार थेंब पडून गेले होते, आणि वाळल्या गवताला ओला वास सुटला होता. मला बघून अबरारनं टोपी काढली, परत घातली, परत काढली. आम्ही वाटेनं चालत हिवराच्या झाडापर्यंत गेलो.

"रविवारी अकलूजचे पाहुणे येणार हायत," मी सांगून टाकलं.

तो थांबला. "पाहुणे... म्हंजे निळा ठिपका?"

"जमलं तर मलाच न्यायचे तिकडं."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि गेटावरून वनरक्षक मानसिंगची शिट्टी आली. गाडी भरून माणसं आली होती. अबरारनं एकदा माझ्याकडे, एकदा गेटाकडे बघितलं. "हितंच थांबा, आलोच," म्हणाला आणि पळाला. मी बराच वेळ थांबले. मग रागानं स्कूटी काढून मागच्या वाटेनं घरी आले. येताना ठरवलं की अकलूज काही वाईट गाव नाही.

शनिवारी सकाळी दुकानात वनपाल मोहनरावांचा फोन आला. 'नोंदी खऱ्याच लिहाव्यात' असा एक बोर्ड तातडीनं रंगवून हवा होता. पाठोपाठ त्यांनी एक फोटो पाठवला. अब्बांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

फोटो गेटावरच्या फळ्याचा होता, बुधवारचा. वर चिंकारा, मग धाविक, आणि तळाशी मोठ्या अक्षरांत, त्यातला श तेवढा रेखीव – शाहीन दिसली.

"कुणा पर्यटकानं फोटो काढून सगळीकडं धाडला," अब्बा म्हणाले. "दुर्मीळ ससाणा हाय म्हणं. पुण्याहून लोक आल्यात कॅमेरे घेऊन, आन् ससाणा काय दिसंना. मोहनराव त्या पोराला काढून टाकणार हायत."

मी धुतलेले ब्रश परत धुवायला घेतले.

"पण ससाणा असंल तर 'दिसला' पायजे. 'दिसली' कसं?"

"चुकलं असंल, अब्बा."

"व्हय. चुकलं असंल." त्यांनी टोपी घातली. "रंगाचे डबे घे. मीबी येतो."

"गुडघे?"

"गेटापातूर चालत्याल."

गेटावर मोहनराव आणि लांबलचक लेन्स घेतलेले आठनऊ जण होते. मधे अबरार. आम्हाला बघितल्यावर त्यानं नजर फळ्याकडे वळवली. बुधवारची नोंद तशीच होती, चौकशी होईपर्यंत मोहनरावांनी ती पुसू दिली नव्हती.

"मादी होती का?" एक काका विचारत होते. "डोकं काळं होतं? उडताना पाहिलीत की बसलेली?"

"चूक झाली, साहेब," अबरार म्हणाला.

"चूक म्हंजे काय?" मोहनराव चिडले. "दिसली का न्हाय, एवढंच सांग. खोटं लिवलं असशील तर ओळखपत्र काढून दे."

अबरारनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि पुढं केलं. तेव्हा मला कळलं. एक नाव सांगितलं की तो सुटणार होता, पण चारचौघांत, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, ते नाव घ्यायला तो तयार नव्हता. माझ्या नावापायी तो माळ सोडून द्यायला निघाला होता. माझा बुधवारचा सगळा राग तिथंच विरघळला.

"नोंद खरी हाय," मी म्हणाले.

मोहनरावांनी वळून बघितलं. "तुला काय म्हाईत?"

"बुधवारी मीच आले व्हते. शाहीन म्हंजे मी."

 मग कॅमेरेवाल्यांतल्या एक बाई हसत म्हणाल्या, "म्हणून 'दिसली'." लेन्स खाली झाल्या. मोहनराव हातातल्या ओळखपत्राकडे बघत राहिले.

"म्हंजे... नोंद खरीच म्हणायची?"

अब्बांकडे बघायचं मला धाडस होईना. ते लंगडत फळ्यापाशी गेले आणि त्यांनी शवर बोट ठेवलं.

"ही गाठ माझ्या दुकानातली हाय. फोटो बघितला तवाच वळखली." मग अबरारकडे वळले. "नाव का न्हाय सांगितलंस?"

"चार लोकांत कसं घेणार, चाचा? तिला इचारलंबी न्हवतं."

"मग फळ्यावर कसं लिवलंस?"

अबरारनं मान खाली घातली. "गाडीतली माणसं फिरवून आलो तर ती गेलेली. ऱ्हावलं न्हाय."

अब्बांनी त्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "उद्या वडलांना घेऊन घरी ये. अकलूजला मी फोन करतो. पण आधी तिला इचार." एवढं बोलून ते पाठ फिरवून गेटाजवळचा माझा धाविकचा बोर्ड तपासायला लागले.

अबरार माझ्याजवळ आला. सगळे लोक अचानक आभाळात पाखरं शोधायला लागले होते.

"शाहीन... हितंच ऱ्हाशील?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. मी खडू उचलला. 'दिसली' पुसलं आणि त्या जागी रेखीव अक्षरांत लिहिलं – स्थानिक.

अबरारनं ते वाचलं. मग अजून एकदा वाचलं.

"ठिपका ऱ्हायला," अब्बा मागं न बघता म्हणाले.

मी हिरव्या रंगाचा डबा उघडला.