शब्दाचं वजन

सोलापूरच्या वाहतूक प्रयोगशाळेत शब्दपत्राची शेवटची चाचणी यशस्वी झाली, तेव्हा शिवराज बिराजदारला आभाळ ठेंगणं झालं. कल्पना त्याचीच होती. प्रवाशानं हातातल्या या कार्डाला नुसता शब्द द्यायचा, की आज किंवा उद्या अमक्या थांब्यावरून अमुक वाजता बसेन. बोलल्याप्रमाणे तो आला की त्याचं 'शब्दवजन' वाढणार, नाही आला की घटणार. बसनं कुठे जायचं ते या वजनांवर ठरणार. घरी पाहुणा येणार असेल, तर त्याच्यासाठीही आपल्या कार्डावर शब्द देता येणार होता.

"थाप मारणारा आणि थापेवर विश्वास ठेवणारा," त्याच्या सहकारी डॉ. हिरेमठ म्हणाल्या, "दोघं या यंत्राला सारखेच दिसतील, शिवराज."

"मनातलं कसं मोजणार, मॅडम? माणूस आला की नाही, एवढंच मोजता येतं."

वर्षभरात शहर तोलूनमापून बोलायला शिकलं. 'बघू, जमलं तर' म्हणणारे थांब्यावर ताटकळून शहाणे झाले. गावाबाहेरच्या रिक्षा धंदा नाही म्हणून बंद पडल्या. दुसऱ्यासाठी शब्द द्यायला मात्र सख्खे शेजारीही कचरू लागले. तो आला नाही, तर वजन आपलं जायचं. शिवराजला यात शिस्त दिसली.

त्याची थोरली बहीण, अक्का, शहराबाहेर चिंचमळ्याला एकटीच राहायची. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. दर शनिवारी तो तिला फोनवर "उद्या येतो" म्हणायचा आणि रविवारी काहीतरी काम निघायचं. कार्डाला मात्र तो खात्रीशिवाय कधी शब्द देत नसे. त्याचं शब्दवजन शहरात सगळ्यांत जास्त होतं.

एका रविवारी तो खरंच गेला. अक्का ओट्यावर बसली होती. त्यानं हाक मारली, तेव्हा तिनं हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला.

"शिवा? आलास होय. कमी दिसतंय रे आता."

तिला काचबिंदू होता, हे त्याला ठाऊक होतं. शहरातल्या दवाखान्यात दर महिन्याला जायचं होतं. आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. का गेली नाहीस, असं त्यानं विचारलं.

"बसच येईना की. तुला उन्हात चालायला लागू नये म्हणून दर रविवारी मी कार्डाला सांगायचे, माझा भाऊ येणार आहे. बस यायची, मोकळी. पुढं दवाखान्याला जायचं म्हणून सांगितलं, तर आलीच नाही. शेजारीपाजारी तरी किती शब्द टाकतील माझ्यासाठी?"

"मला का नाही सांगितलंस, अक्का?"

"तू उद्या येतो म्हणला होतास की."

शिवराजला आपली लाज वाटली. अक्काला दिलेला प्रत्येक शब्द त्यानं मोडला होता आणि वजन तिचं गेलं होतं. यंत्र कुठेही चुकलं नव्हतं. त्यानं कार्ड काढलं आणि दोघांसाठी दवाखान्यापर्यंतचा शब्द दिला. थोड्याच वेळात तिठ्यावर हॉर्न वाजला.

त्याचा हात धरून अक्का ओट्यावरून उतरली. तिच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं.

"बघ," ती म्हणाली, "तुझ्या शब्दाला केवढं वजन आहे."