न दिलेला चार्ज

उजैरला तुम्ही ओळखता. चौकात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तो. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. अंकुर, दार लोटून घे, आणि मध्ये हसायचं नाही.

सन दोन हजार सतरा, एप्रिलची एकवीस तारीख, शुक्रवार. त्या वर्षी तूर इतकी पिकली, की पिकवणाऱ्यालाच शिक्षा झाली. बाळापूरच्या रस्त्यावरच्या एका खरेदी केंद्राचा सर्व्हर बंद पडला होता. कोणतं केंद्र ते विचारू नका. तिथले साहेब अजून नोकरीत आहेत. तुरीची नोंदणी दुसऱ्या दिवशी दुपारी संपणार होती. उजैर रात्री दहाला अकोल्याहून पोचला. फाटकाशी पोत्यांवर गोदाबाई नावाची म्हातारी बसली होती. रांगेतला तिचा नववा दिवस.

"बाबू, मशीन चालू होईन न? उद्या नोंद हुकली तं हे तूर मी काय बकऱ्याईले चारू?"

"करतो काकू. झोपा तुमी."

सर्व्हरच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, खाली उंदरांच्या लेंड्या, आणि भिंतीवर स्वच्छतेची शपथ, फ्रेम करून. शपथेवरही पिचकारी होती. उजैरनं नाकाला रुमाल बांधला. सर्व्हर लिनक्सवर चालायचा. नेटवर्क सर्व्हिस सुरू केली. फेल. पुन्हा केली. फेल. लॉग उघडला. त्यात लिहिलं होतं, नेटवर्कवरचा हा पत्ता आधीच दुसऱ्या मशीनकडे आहे. पुढे त्या मशीनचा नंबर.

भानगड साधी होती. पत्ता बदलला की झालं. पण त्याला जिल्ह्याची मंजुरी लागते, आणि जिल्हा लग्नाला गेला होता. मग ते दुसरं मशीनच शोधणं आलं. ऑफिसातल्या सामानाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरात नंबर सापडला. पुढे नाव, पुंजाराम.

"हे कोन?" उजैरनं चौकीदाराला विचारलं.

महादेवराव चौकीदार उंबऱ्याबाहेरच उभे होते. "आपरेटर होते. फेब्रुवारीत गेले. ह्याच टेबलावर, तोंडात घास होता."

"मंग त्याईचं मशीन कोन वापरून राहिलं?"

"मशीन भंगारात हाय. नाव वापरतेत सारे. नव्या मानसाचा पासवर्ड मंजूर व्हाचा हाय न."

ऐकलंत? अडीच महिने अख्खं ऑफिस मेलेल्या माणसाच्या नावानं काम करत होतं. छत्तीस वर्षं कारकुनी करून मला वाटलं होतं, आता कशाचीच शिसारी येणार नाही. आली.

भंगारखोलीत मशीन सापडलं. झाकण उघडलं. आत उंदराची पिल्लं. गुलाबी, आंधळी, वळवळणारी. वायर नव्हती. वीज नव्हती. नेटवर्कचं कार्डसुद्धा कोणी काढून विकलं होतं.

उजैर परत आला. सगळ्या केबल उपटल्या. फक्त सर्व्हरची ठेवली.

सुरू केलं. फेल.

पत्ता दुसऱ्याकडे आहे.

केबल जोडायच्या स्विचच्या एका रिकाम्या खाचेवर हिरवा दिवा लुकलुकत होता...

"जाता जाता कामाचा चार्ज नाई दिला न पुंजारामबाबूनं..." बाहेरून महादेवराव पुटपुटले. "कोनी मांगितलाच नाई."

उजैर शिकलेला पोरगा. पण रात्रीचे दोन वाजले होते. त्यानं कागद घेतला. टेबल एक, खुर्ची एक, संगणक एक. चार्ज घेतला. प्रलंबित कामे, निरंक. आपण सगळे तेच लिहितो. खाली सही केली. कागद पुंजारामच्या टेबलावर ठेवला.

आणि सर्व्हरकडे वळला.

खुर्ची करकरली... एकदाच.

दिवा विझला.

उजैरनं न बघता सर्व्हिस सुरू केली. ओके.

खोलीला कुलूप लावून तो फाटकाशी येऊन बसला, गोदाबाईच्या पोत्याला टेकून. किल्ली मुठीत. सकाळी कुलूप त्यानंच उघडलं. पहिली नोंद गोदाबाईची केली, आणि मग टेबलावरचा कागद उचलला.

तो कागद त्यानं मला दाखवला आहे. त्यावर 'निरंक' एका रेघेनं खोडलेलं आहे. वर बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं आहे :

'गोदाबाई. अठरा पोती. दारात बसली आहे.'