कुरुंदवाडवरचा ठिपका

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर राजवीरची खोली आहे. खिडकीतून समोरच्या तालमीची गच्ची दिसते. फुटबॉलचा हंगाम असला की तिथल्या दोरीवर जर्सी वाळत असतात. त्या दिवशीही होत्या. मी कॉलेजातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसून एका फाइलमधला एक आकडा बदलायला घेतला.

राजवीर माझा धाकटा भाऊ. एका खासगी फ्लाइंग स्कूलमध्ये वैमानिक व्हायला शिकत होता. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो एकटाच उडत असताना त्याचं छोटं विमान कुरुंदवाडजवळ, नदीकाठच्या उसात पडलं आणि तो गेला. हवा थोडी धुरकट होती, पण विमान उडवू नये इतकी नाही. अहवाल आला तो असा, की त्यानं काहीही कारण नसताना डावीकडं एकदम वळण घेतलं, वेग गेला आणि विमान कोसळलं. वैमानिकाची चूक. खाली आणखी एक ओळ होती: त्या वेळी त्या भागात रडारवर दुसरं कोणतंही विमान नव्हतं.

त्या ओळीनं माझं डोकं फिरलं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि रडार हा विषय तिसऱ्या वर्षाला मीच घेते. रडारला जे जे सापडतं ते सगळं ते पडद्यावर दाखवत नाही. दाखवायला लागलं तर हलणारी झाडं, घारी, ढग, सगळ्याचेच ठिपके उमटतील आणि विमान त्यात हरवून जाईल. म्हणून ठरावीक वेगाहून हळू जे असेल ते यंत्र आपणहून गाळतं. रडारवर नव्हतं म्हणजे आकाशात नव्हतं, असं होत नाही. हे माझ्या पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं. अहवाल लिहिणाऱ्यांना कळत नव्हतं, की कळूनही माझ्या भावाच्या माथी मारायचं होतं?

आप्पा, म्हणजे आमचे वडील हंबीरराव, त्या स्कूलच्या ऑफिसात जाऊन आले होते. तिथं त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. घरी येऊन चप्पल काढायच्या आतच ते ओरडले, "माझ्या पोराला येड्यात काढलं त्यांनी! दात विचकत सांगत हुता त्यो ऑफिसातला, तुमचा मुलगा घाबरला म्हणून. राजवीर घाबरतोय व्हय?"

अहवालाविरुद्धच्या अपिलात मी रडारचं हेच मांडणार होते, आणि नुसत्या शब्दांनी नाही. राजवीरच्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा सिम्युलेटर होता. त्याला खेळ म्हटलेलं राजवीरला चालायचं नाही. आपल्या भागाचा नकाशा त्यानं स्वतः त्यात बसवला होता. रंकाळा, पंचगंगा, हातकणंगल्याचं स्टेशन, कुरुंदवाडचा संगम, सगळं जागच्या जागी. त्यातल्या विमानाला रडार होतं आणि त्या रडारच्या सेटिंग एका साध्या फाइलमध्ये होत्या. माझा बेत सोपा होता. संगमावर एक फुगा अधांतरी ठेवायचा, लढाऊ विमानातून त्याच्याकडं जायचं. मूळ सेटिंगवर फुगा रडारवर दिसणार नाही. वेगाची मर्यादा खाली आणली की दिसेल. दोन्ही वेळचा पडदा रेकॉर्ड करायचा आणि त्यांच्या तोंडावर मारायचा.

पहिल्या फेरीत पडदा कोरा होता. समोर काचेतून पांढरा फुगा स्वच्छ दिसत होता आणि रडार म्हणत होतं, काही नाही. मला इतकं बरं वाटलं की मी टेबलावर मूठ आपटली.

मग मर्यादा शून्यावर आणली आणि पुन्हा उडाले.

दोन ठिपके दिसले.

एक माझा फुगा. दुसरा त्याच्या पलीकडं, नदीवर. वेग शून्य. उंची, राजवीर त्या सकाळी ज्या उंचीवर होता तीच.

मी त्याच्या दिशेनं गेले. काचेतून बघितलं तर निळं आभाळ आणि खाली ऊस. ठिपक्याच्या अंगावरून विमान नेलं. काही झालं नाही. मागं वळून बघितलं तर ठिपका तिथंच.

सॉफ्टवेअरमध्ये चुका असतात. मी चिडले, पण घाबरले वगैरे नाही. सिम्युलेटरच्या त्या उड्डाणात काय काय ठेवलंय ते उघडून पाहिलं. माझं विमान आणि फुगा, बस. फुगा काढून टाकला. ठिपका राहिला. रडारची मूळ फाइल परत आणून पुन्हा बदल केला. राहिला. मर्यादा वर नेली की तो जायचा, खाली आणली की यायचा. अगदी खरी वस्तू असल्यासारखा.

या ठिपक्यासकट रेकॉर्ड दाखवलं असतं तर त्यांनी मलाच खोटं पाडलं असतं. बाईनं सेटिंग बदलून हवं ते दाखवलं, म्हणाले असते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या मी पुन्हा बसले. आप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांना त्या यंत्रातलं काही कळत नाही, पण राजवीरच्या खोलीत बसायला त्यांना निमित्त लागतं.

संगमावर काही नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विमान कोल्हापूरकडं वळवलं.

"त्यो काय त्यो," आप्पा म्हणाले. "हातकणंगल्यापाशी."

ठिपका स्टेशनच्या जरा अलीकडं होता. वेग शून्य. उंची तीच. मी त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. तो तसूभरही हलला नाही.

"काल कुठं हुता ह्यो?"

"कुरुंदवाडला."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मग आला कवा?"

कॉम्प्युटर रात्रभर बंद होता. प्लग काढलेला होता, मीच काढते. मी बघत असताना तो कधीच हलत नव्हता. पण दर खेपेला उघडलं की कोल्हापूरकडं सरकलेला असायचा. त्या आठवड्यात तो रुकडीच्या पुढं आला, मग पंचगंगा ओलांडली. मी तज्ज्ञ आहे, माझ्याकडं याचं उत्तर असायला हवं होतं. ते नव्हतं, आणि त्याचाही मला राग यायला लागला. वर्गात पोरांवर ओरडले. घरी भांडी आपटली. शेवटी मी तो सगळा राग जिथं जायला हवा होता तिथं नेला. यज्ञेश्वर सरांना फोन लावला.

यज्ञेश्वर सर त्या स्कूलचे मुख्य प्रशिक्षक. राजवीरचे गुरू. अपघाताच्या सकाळी जमिनीवरून रेडिओवर त्याच्याशी बोलत होते ते हेच. त्यांनी जबाब दिला होता, संभाषणात काही वेगळं नव्हतं. राजवीर घरी यायचा तेव्हा सारखं 'सर म्हणाले, सर म्हणाले' चालायचं. अंत्यविधीला सर आले नव्हते.

"एकदा घरी या," मी म्हणाले. "नाहीतर मी तुमच्या गेटवर येऊन बसते. पत्रकारांना घेऊन."

रविवारी दुपारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. आप्पांनी दार उघडलं आणि एक शब्द न बोलता जिना दाखवला. आप्पा खाली चहा टाकायला गेले. आलेल्या माणसाला चहा द्यायचा, मग तो कोणीही असो, हे त्यांना सोडता येत नाही.

मी सरांना फुग्याचं रेकॉर्ड दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं.

"मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण हा खेळ आहे. सेटिंग बदलल्या की काहीही दिसेल."

"बसा," मी म्हणाले.

"मला वाटतं..."

"बसा म्हणते ना! माझा भाऊ इथं बसून तुमचं नाव घेत शिकला. तुम्हाला या खुर्चीत पाच मिनिटं बसता येत नाही?"

ते बसले. हेल्मेट मांडीवर ठेवलं, मग खाली ठेवलं. हात मात्र सराईतपणे जॉयस्टिकच्या दांड्यावर गेला. ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं. खाली गल्लीत कुणीतरी भिंतीवर बॉल मारत होतं, धप, धप.

त्यांनी विमान वर घेतलं आणि रंकाळ्यावरून वळवलं. रडारवर एकच ठिपका होता. शहरावर.

"तुम्ही ठेवलाय हा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कोणी ठेवला?"

"मलाही तेच विचारायचंय. पहिल्यांदा दिसला तेव्हा कुरुंदवाडच्या संगमावर होता. राजवीरच्या उंचीवर."

सरांचा हात थांबला.

"वेग?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"शून्य."

त्यांच्या कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरली.

"तो म्हणाला होता," ते म्हणाले. "रेडिओवर. सर, समोर काहीतरी थांबलंय, म्हणाला. मी म्हटलं, विमान हवेत थांबत नाही राजवीर. सरळ ये. त्यानं पुन्हा विचारलं. सर, वळू का? मी म्हटलं, समोर काही नाही, सरळ ये."

मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. सोडली असती तर हात उचलला असता.

"तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. वळला."

"आणि हे जबाबात नाही."

"स्कूल बंद पडलं असतं. आणि लिहिणार काय? काहीतरी थांबलं होतं, असं लिहू? मला वाटलं, पोराला भास झाला. ते लिहून त्याची आणखी शोभा कशाला करायची?"

"शोभा?" मी ओरडले. खालचा बॉल थांबला. "तो सांगत होता, सर! त्याला दिसत होतं आणि तो सांगत होता! तुम्ही ते गाळून टाकलंत, आणि मग त्यालाच चुकला म्हणालात! माझे आप्पा तुमच्या ऑफिसात उभे राहून परत आले!"

त्यांनी मान खाली घातली नाही. ते पडद्याकडंच बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हा हलतोय."

मी बघितलं.

इतक्या दिवसांत मी बघत असताना तो पहिल्यांदाच हलत होता. सावकाश. दसरा चौकावरून. मग बिंदू चौकाच्या बाजूनं.

सरांनी विमान त्याच्या वर नेलं. काचेतून खाली पेठेतली घरं दिसत होती, राजवीरनं एकेक करून बसवलेली. आकाश रिकामं होतं.

ठिपका पेठेवर येऊन थांबला.

मग आकडा उतरायला लागला. जमिनीपासूनची उंची. हजार फूट. सातशे. चारशे.

"बंद करा," सर म्हणाले.

माझा हात उठेना.

दोनशे. शंभर. साठ.

आकडा तीसवर येऊन थांबला. आमच्या घराचा दुसरा मजला साधारण तेवढ्याच उंचीवर आहे.

खोलीत ऊन तसंच होतं. पंखा फिरत होता. दोघांपैकी कोणीही मागं वळून बघितलं नाही.

मी वाकून प्लग खेचला.

पडदा काळा झाला. त्यात आम्ही दोघं दिसत होतो, म्हणून मी नजर काढून घेतली.

"उद्या नवीन जबाब देतो," सर म्हणाले. "तो जे बोलला ते सगळं. शब्दन् शब्द."

"लिहून द्या."

"लिहून देतो." ते उठले. हेल्मेट विसरले, मी हातात दिलं. त्यांची बोटं गार पडली होती.

त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जबाब दिला आणि त्याची प्रत मला पाठवली. चौकशी पुन्हा उघडली आहे. राजवीरचं बोलणं आता कागदावर आहे, आणि आप्पा ते रोज एकदा मोठ्यानं वाचायला लावतात. सर त्यानंतर उडालेले नाहीत. घर बदललंय म्हणे, तळमजल्यावर घेतलंय. फोन उचलत नाहीत. मी रडारची मूळ फाइल परत टाकली आणि कॉम्प्युटर कापडानं झाकून ठेवला. माझा राग संपलेला नाही, पण आता तो कुणावर आहे हे मला सांगता येत नाही.

त्या रविवारी सर खोलीतून बाहेर पडले तेव्हा मी दारात उभी होते. आमचा जिना अरुंद आहे. आप्पा चहाचा ट्रे घेऊन वर येत होते. सरांना उतरताना बघून ते मधल्या वळणावर भिंतीला चिकटून उभे राहिले, ट्रे छातीशी धरून. सर मान खाली घालून त्यांच्या बाजूनं गेले. खालचं दार वाजलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आप्पा तसेच उभे होते. भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून. मग त्यांनी ट्रे आणखी थोडा जवळ घेतला, जशी आपण एखाद्या रुंद माणसाला वाट देतो. त्यांची नजर जिन्यावरून एकेक पायरी खाली गेली. मग ते सरळ झाले आणि वर आले.

"आप्पा, कुणासाठी थांबला होता?"

त्यांनी मागं जिन्याकडं बघितलं. मग हातातल्या ट्रेकडं.

"सरांच्या मागनं त्यो कोण उतरला?" त्यांनी विचारलं.